ठकूमावशीची गाठ

फार वर्षांपूर्वी, आपली नदी देवळाच्या पायरीशी खेळायची तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकूमावशी अंबाडीचे दोर वळायची. तिच्या घरात सतरा माणसं, त्यातली सासू ठार बहिरी.

एका श्रावणात भर दुपारी पूर आला. सगळे टेकडीवर पळाले. वर पोचल्यावर कळलं, म्हातारी नाही. थोरल्याला वाटलं धाकट्यानं आणली, धाकट्याला वाटलं ठकूनं आणली, आणि ठकू दोन लेकरं काखेला मारून धावली होती. म्हातारी पुरात गेली ती गेलीच. भरल्या घरात असंच होतं बघा, जो तो दुसऱ्यावर विसंबतो.

असं म्हणतात, त्यानंतर वर्षभर मावशी नुसते दोर वळत राहिली. मग तिनं घरोघरी एकेक दोर दिला. घरात जितकी माणसं तितक्या गाठी. तान्ह्याची गाठ कोण धरणार, आंधळ्याला कोण आणणार, शेळ्या कोण सोडणार, हे तिनं प्रत्येक ओसरीवर बसून ठरवून घेतलं. पाटील मात्र हसले, आम्ही काय दावणीची गुरं आहोत, म्हणाले. तिनं त्यांचाही दोर खुंटीला अडकवला आणि निघून आली.

पुढे नदी पुन्हा चढली. घरंच्या घरं दोर धरून टेकडीवर आली. पाटलांनीही घाईत दोर उचलला होता, पण कुणी कुणाला आणायचं ते ठरलेलंच नव्हतं. त्यांच्या दोराला एक गाठ रिकामी निघाली. ती अधू पायांच्या आत्याबाईंची. घरातले एकमेकांकडे बघायला लागले.

"मागल्या खेपेला म्या मागं वळून बघितलं न्हाई," एवढंच मावशी बोलली आणि खाली उतरली.

असं म्हणतात, ती चालली तसं पाणी तिच्या गुडघ्यावर आलंच नाही. आत्याबाईंना पाठुंगळी आणून तिनं टेकडीच्या पायथ्याशी, वरून सोडलेल्या दोराची गाठ त्यांच्या हातात दिली, आणि मगच पूर उसळला. मावशी वर आली नाही. सासूला शोधत गेली, असं जुनी माणसं सांगायची.

आता वर धरण झालं, नदी रोडावली. गावात ती गजबजही राहिली नाही, निम्मी घरं कुलूपबंद. तरी ज्येष्ठात उरलेली घरं दोर धरून टेकडी चढतात, वर बसून भाकरी खातात. नवी सून उंबरा ओलांडण्याआधी आपली गाठ मारते. माझ्या आईनं मारलेली गाठ अजून घट्ट आहे, हात लावला की गलबलून येतं.

प्रत्येक दोराच्या शेवटी एक गाठ जास्तीची असते. ती घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस धरतं. पोरं विचारतात, ही कुणाची?

"ठकूमावशीची. एकदा सुटली व्हती आपल्या हातनं."