जक्कयाचा उंबर

लेकीचा ताप उतरावा म्हणून या उंबराखाली मी देवाला नवस बोलले होते. इथला नवस मेणबत्तीने फिटत नाही. ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याच्या घरी जाऊन जेवावं लागतं. ताप उतरला आणि मी मोठ्या जावेकडे जेवून आले. वसईत आमच्या आळीच्या क्रुसाजवळच हे झाड आहे. पाहुणे विचारतात, ही रीत कुठली? मग सासूबाईंनी सांगितलेलं सांगते.

फार पूर्वी बस्त्याव नावाचा माणूस खाडीच्या बांधावरचं दार सांभाळायचा, असे सांगतात. भरतीआधी ते पाडायचं, एवढंच काम. एका पुनवेला तो विसरला. खारं पाणी पोटरीतल्या भातात शिरलं, आळीचं वर्षाचं अन्न गेलं. सकाळी माणसं काठ्या घेऊन धावली. बस्त्याव जीव घेऊन पळाला आणि या उंबरावर चढला.

काठ्या थबकल्या. प्रभू येशूला पाहायला सगळ्यांचा नावडता जकातदार जक्कय चढला तो उंबरच, आणि प्रभू त्याला म्हणाला, 'उतर, आज मी तुझ्या घरी येणार', हे सगळ्यांनी चर्चमध्ये मिसेत ऐकलेलं. उंबरावरच्या माणसाला मारायचं कसं?

"अरे, तो उंबर त्या देशातला!" इनास ओरडला. त्याच्या घरी तान्ही जुळी होती. "हा आपला. पाखरं हगतात याच्यावर!" त्याने बुंध्यावर कुऱ्हाड घातली. चीक वाहू लागला. वर बस्त्याव डोळे मिटून फांदीला बिलगला.

दुसरा घाव पडायच्या आत रुजायबाय पुढे आली. विधवा बाई, सगळ्यात आधी बुडालं ते तिचंच शेत. तिने मान वर केली.

"बस्त्याव, उतर रे. आज मी तुझ्याकडे जेवणार."

"मावशी, घरात नुसती पेज आहे गो."

"मग मी काय लग्नाचं जेवण मागितलं? उतर!"

त्याचा हात धरून ती काठ्यांमधून निघाली. कोणी वाट देईना, तिने खांद्याने माणसं सारली. इनास कुऱ्हाडीसकट दारापर्यंत मागे आला. बस्त्यावच्या बायकोने वाढलेली पेज रुजायबाय सगळी प्यायली आणि इनासला म्हणाली, "आता तू बस. उपाशीपोटी शेतातलं पाणी कसं काढशील?"

तो उभाच राहिला. मग कुऱ्हाड बाहेर ठेवून पाटावर बसला. ओहोटीला सगळी आळी शेतात होती. तेव्हापासून इथला नवस असा फेडायची रीत पडली.

पुढे एका फादरांनी सांगितलं की बायबलातला उंबर आपल्या उंबराचा चुलत भाऊ. फळं अशीच खोडाला लगडतात, पण झाड निराळं. आळीने ऐकून घेतलं आणि रीत तशीच ठेवली.

आजही इथे कोणाकोणाचा नवस असा फिटतो. कधी दार उघडत नाही, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. तुम्हीही एकदा जा हो. फक्त घरून डबा नेऊ नका. त्यांच्या चुलीवर असेल तेच मागून खा.