गेरूवरचे वळ

फार पूर्वी कुंभवती नगरात राजा अरिंजय राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुतीर्थ. शुभ्रा नदीच्या घाटाचा कारभार राजाने त्याच्याकडे सोपवला होता.

शुभ्रा मधूनमधून कोपत असे. गावे बुडत, नावा तयार असत, पण कुठे जायचे हेच कुणाला ठाऊक नसे. म्हणून सुतीर्थाने एक रीत बसवली. तीरावरच्या प्रत्येक गावाला त्याने वाळके भोपळे आणि अंबाडीचा एक लांब दोर दिला. प्रत्येक गावाचा रंग वेगळा. पूर आला की भोपळा नदीत सोडायचा. आत कोंडा असेल तर गावातले धान्य संपले. कडुलिंबाचा पाला असेल तर आजार आला. आणि वरून दोर गुंडाळलेला असेल तर माणसे पाण्यात अडकली आहेत, लगेच या. नगराच्या घाटावर आडवे जाळे लावून हे भोपळे अडवले जात. धान्याचे रांजण त्याने उन्हाळ्यातच टेकड्यांवर ठेवून दिले होते. त्यामुळे पुरात नावा माणसांसाठी मोकळ्या राहत.

सुतीर्थाचा धाकटा भाऊ नंदिय लग्नानंतर कदंबग्रामात राहायला गेला होता. तो उतावळा होता आणि त्याचा आवाज मोठा होता. सुतीर्थाला जगात त्याच्याइतके जवळचे कुणी नव्हते.

एका वर्षी शुभ्रेने दोन्ही तीर ओलांडले. भोपळे येऊ लागले. लहान नावा जवळच्या गावांना गेल्या. घाटावर एकच मोठी नाव उरली. वरच्या अंगाच्या प्रवाहात तीच टिकणारी होती.

तेवढ्यात श्रेष्ठिग्रामाचे भोपळे एकामागून एक जाळ्यात आले. सगळे हळदीने पिवळे आणि सगळ्यांना दोराचे तुकडे गुंडाळलेले.

सेनापती काळसेन म्हणाला, "बघतोस काय? सोड नाव. बिचारे केव्हाचे हाका मारताहेत."

मल्लक नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याने एक भोपळा फिरवून पाहिला. "गाठी बघा, सेनापती. कशा सुबक मारल्यात! शेंडेसुद्धा कापलेत. गळ्याशी पाणी आलेला माणूस असल्या गाठी मारत बसत नाही. हे माडीवर बसून केलेले काम आहे."

"तू गाठींचा पंडित झालास होय?"

सुतीर्थ म्हणाला, "ज्याला इतक्यांदा हाक मारता येते, त्याचे तोंड अजून पाण्यावर आहे. ते गाव जवळ आहे, लहान नावा परतल्या की तिथे जातील. मला काळजी शैलग्रामाची आहे. त्यांचा एकही भोपळा आलेला नाही."

"आला नाही म्हणजे ते सुखरूप आहेत. मागणाऱ्याला ठेंगा आणि मुक्याच्या दारी नाव, वा रे तुझा न्याय!"

"शैलग्रामाची माणसे दरवर्षी थोडे पाणी चढले तरी भोपळा सोडतात. आपण त्यांना हसतो. तीच माणसे आज गप्प आहेत."

तो बोलत असतानाच जाळ्यात एक गेरूचा भोपळा अडकला. तो कदंबग्रामाचा होता. मल्लकाने पाण्यात उतरून तो आणला आणि आत हात घातला. मूठभर कोंडा निघाला. दोर नव्हता.

मल्लक हसला. "चला, तुमचा धाकटा ठीक आहे. काटा रुतला तरी गाव गोळा करणारा तो. अडकला असता तर दोराबरोबर खाटसुद्धा बांधून पाठवली असती."

सुतीर्थाने भोपळा हातात घेतला. तेलात कालवलेल्या गेरूवर आडवे वळ उमटले होते. दोर घट्ट गुंडाळलेला होता आणि मग कुणीतरी तो सोडून घेतला होता. त्याने त्या वळांवरून बोट फिरवले.

शैलग्राम पलीकडच्या तीरावर होते, कदंबग्राम अलीकडच्या. एका तीराने वर चढलेल्या नावेला अशा पाण्यात मधला प्रवाह ओलांडता येत नसे. नाव एकाच गावाला जाऊ शकत होती. कदंबग्रामाची खूण त्याच्या हातात होती. शैलग्रामाबद्दल त्याच्याकडे काहीच नव्हते.

त्याने भोपळा खाली ठेवला.

"पलीकडच्या तीराने चला," तो म्हणाला. "शैलग्रामाला."

सुतीर्थ स्वतः सुकाणूवर बसला. शैलग्रामात पोहोचल्यावर दिसले ते एवढेच: पाण्यावर देवळाचे शिखर, आणि त्याभोवतीच्या छपरांना चिकटून बसलेले सारे गाव. भोपळे पाण्यात सोडायचे, म्हणून त्यांनी ते पाण्याजवळच्या घरात टांगले होते. पुराने पहिल्यांदा तेच घर नेले. बायका, मुले, म्हातारे, सगळे नावेत आले. शेवटचा माणूस चढला आणि त्याच्या मागचे छप्पर खचले.

त्यांना टेकडीवर उतरवून, पाणी थोडे उतरल्यावर नाव कदंबग्रामाला लागली. तिथली माणसे एका उंच चिंचेवर होती. लहान मुलांच्या कमरा आणि मनगटे दोराने फांद्यांना बांधलेली होती. नंदिय त्यांच्यात नव्हता.

नंदियाची सासू खाली उतरली. ती म्हणाली, "दोर गुंडाळून झाला होता, बाबा. भोपळा सोडायचा, तेवढ्यात तो थांबला. म्हणाला, वरून सगळ्या गावांचे भोपळे वाहत गेले, शैलग्रामाचा पांढरा काही दिसला नाही. दादाकडे मोठी नाव एकच आहे. दोर बघितला की तो इकडेच येईल. मी म्हटले, येऊ दे की. तर माझ्यावरच ओरडला. दोर काढून भोपळा तसाच पाण्यात टाकला आणि त्याच दोराने पोरांना बांधत बसला. सगळ्यात धाकटे बांधून झाले आणि तो उभा होता ती फांदी मोडली. त्याला स्वतःसाठी दोर उरला नव्हता."

सुतीर्थाने नावेतल्या माणसांना सांगितले, "आधी मुले उतरवा. गाठी सोडू नका, दोर कापा. त्याच्या गाठी तशा सुटायच्या नाहीत." मग तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला आणि मुले उतरेपर्यंत वळला नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, ती एका तरुण भिक्षूसाठी. त्याचा थोरला भाऊ पुरात गेला होता, आणि नाव आधी दुसऱ्या गावाला का गेली, असे विचारत तो सर्वांवर चिडत होता.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा काळसेन आज या विहाराला लाकूड पुरवतो आणि अजून घाईत असतो. मल्लक हा आपला वृद्ध द्वारपाल. शैलग्रामाची माणसे म्हणजे इथे बसलेले तुम्ही सारे. सुतीर्थ मीच होतो. ज्याने दोर सोडून घेतला तो नंदिय, तोच या जन्मी तुझा भाऊ होता. आणि सगळ्यात शेवटी ज्याला त्याने फांदीशी बांधले, ते लेकरू तू."

नकळत भिक्षूने आपले मनगट दुसऱ्या हातात धरले.

आपला आणि परका, हाक मारणारा आणि न मारणारा, दोघांना एकाच मापाने पाहणे हीच समचित्तता. ती धरणाऱ्याला दुःख होत नाही, असे शास्ते कधी म्हणाले नाहीत.