अखंड पाठ

"ज्याला पाठ केलेली ओवी आठवत नाही, त्याला मठात ठेवायचं तरी कशाला?"

विरूपाक्षाचा आवाज ओसरीबाहेरही ऐकू गेला. तो मठातला थोरला शिष्य. अखंड पाठाची कल्पना त्याचीच. अहोरात्र पोथी चालू. एक उठला की दुसरा बसणार. पाळ्या दर आठवड्याला फिरत्या. पंचक्रोशीत मठाचं नाव झालं होतं.

आणि आज सकाळी, पाहुण्यांसमोर तोंडपाठ म्हणताना नागेश अडला. अख्खी पोथी मुखोद्गत असलेला नागेश! एकच ओवी पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, मग गप्प झाला. लोक हसले. विरूपाक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मठाधिपती चिद्घनस्वामींनी नागेशला जवळ बोलावलं.

"जेवलास का रे?"

नागेश विचारात पडला...

"आठवत नाही, स्वामी."

"ढोंग!" विरूपाक्ष उसळला. "आत्ता माझ्या पंक्तीला जेवला हा."

स्वामींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"झोपतोस केव्हा, नागेश?"

"पाळी असेल तसं. कधी दुपारी, कधी उजाडल्यावर. पण डोळा लागत नाही. अंगाला एका वेळेची सवय होते न होते, तोच पाळी बदलते. शब्द समोर दिसतात, स्वामी... धरायला गेलो की निसटतात."

"कुणाला सांगितलंस हे?"

"थोरल्यांना."

"मग?"

नागेशने मान खाली घातली. "आळशी म्हणाले."

स्वामी वळले.

"आणि तू केव्हा झोपतोस, विरूपाक्ष?"

"रोज शेजारती झाली की. पहाटे आपल्या सेवेला हजर राहायचं असतं."

"पाळीला बसत नाहीस?"

"...व्यवस्था कुणीतरी पाहायला हवी, स्वामी."

स्वामींचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या वर्षांत विरूपाक्षाने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"देवाला वेळेवर निजवतोस! स्वतः वेळेवर निजतोस! आणि ही पोरं कुणाची रे?"



स्वामी उठले. नागेशचा हात धरून तरातरा सभामंडपात गेले. विरूपाक्ष मागोमाग धावला. तिथे पाळीचा शिष्य लाल डोळ्यांनी वाचत होता. वाचता वाचता त्याचं डोकं पुढे कलत होतं.

स्वामींनी त्याच्या पुढ्यातली पोथी उचलली. मिटली. कापडात बांधली.

"जा, नीज."

मंडप एकदम शांत झाला.

"स्वामी, खंड पडला!" तो कळवळून ओरडला. "एवढ्या दिवसांचं व्रत... खंड पडला!"

नागेश भांबावून दोघांकडे पाहत होता. आपण इथे कशाला आलो, हे त्याला आठवत नसावं.

स्वामींनी पोथी विरूपाक्षाच्या हातात दिली.

"पोथीतला खंड भरून काढता येतो."