विदरहोल्टच्या रानात ओ देतात

इंग्लंडच्या दक्षिणेला विदरहोल्ट नावाचं एक जुनं रान आहे. त्याच्या मधोमध एक गोल जागा आहे, आपल्याकडच्या खळ्याएवढी. भोवती ओकची आणि हेझलची झाडं दाटीनं उभी आहेत, पण त्या गोलात एकही झाड नाही. तिथली माती काळी आहे. चिमटीत घेतली की बोटांना काजळी लागते. तीनशे वर्षांचे पाऊस त्या मातीवर पडून गेले, तरी ती धुतली गेली नाही, असं तिथले लोक सांगतात.

माझी भाची रेवती तिथून जवळच राहते. नोव्हेंबरात मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिनं मला हे रान दाखवायला नेलं. सोबत तिच्या शेजारच्या डोरीनबाई होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात काठी. शेताच्या कुंपणावर चढून उतरायला दोन लाकडी फळ्या होत्या. तिथं मी साडी सावरत अडकले, तर बाई खालून म्हणाल्या, "सावकाश. गेल्या वर्षी आमचे पाद्री इथंच पडले. त्या वेळी त्यांनी जे शब्द काढले, ते मी अजून कुणाला सांगितलेले नाहीत."

रेवतीनं ते मला मराठीत सांगितलं आणि मी हसतच खाली उतरले.

नांगरलेलं ओलं शेत, त्यापलीकडे मेंढ्यांचं कुरण, बांधावर काटेरी झुडपांना लागलेली लाल फळं, असं सगळं पाहत आम्ही रानाशी पोचलो. दुपारचे दोन वाजले असतील, पण धुकं उतरू लागलं होतं. चार झाडांपलीकडचं झाड दिसेना. रेवती फोटो काढायला मागे रेंगाळली होती. तिनं हाक मारली, "मावशी!"

मी पाऊल जपून टाकत होते. ती मागेच तर आहे, येईल, म्हणून गप्प राहिले.

डोरीनबाई थांबल्या. माझ्या दंडाला धरून त्यांनी काहीतरी म्हटलं. मला एवढंच कळलं की मी उत्तर द्यायचं आहे, आणि आत्ता द्यायचं आहे. त्यांचा चेहरा पाहून मी घाईनं मोठ्यानं म्हणाले, "ओ!"

रेवती धावत आली. "काय झालं गं?"

"या रानात हाक ऐकू आली की ओ द्यावी लागते," डोरीनबाई तिला म्हणाल्या. "हाक कुणाची का असेना. चला, जागा दाखवते, मग सांगते."

त्या काळ्या मातीच्या कडेला उभं राहून त्यांनी जे सांगितलं आणि रेवतीनं मला मराठीत समजावलं, ते हे.

पूर्वी या रानात कोळसे पाडणारी माणसं राहायची. आमच्या सुधागडाकडे कातकरी कोळशाची भट्टी लावायचे, तशीच यांचीही रीत होती. लाकडं गोलाकार रचायची, वरून गवत आणि माती लिंपायची, मधल्या भोकातून निखारे सोडायचे आणि भोक बंद करायचं. मग चार दिवस आत लाकूड धुमसत राहतं. या चार दिवसांत भट्टीवरची नजर हलवून चालत नाही. मातीला कुठं भेग पडली आणि आत वारा शिरला की जाळ होतो आणि सगळ्याची राख होते. राखणाऱ्याला डुलकी लागू नये म्हणून त्याला एकाच पायाचं स्टूल देत. डोळा लागला की माणूस आडवा.

जेथ्रो नावाचा म्हातारा या कामात सगळ्यांत जुना. त्याचा मुलगा तापानं गेला होता. घरात विधवा सून हेस्टर आणि नऊ वर्षांची नात ॲनिस. जेथ्रोनं सुनेला सगळं काम शिकवलं आणि एक नियमही शिकवला. धुक्यात रान हाका मारतं, म्हणे. आपल्याच माणसाच्या आवाजात मारतं. राखणाऱ्याला भट्टीवरून उठवायला त्याला एवढंच येतं. तेव्हा मागून कितीही हाका येवोत, वळायचं नाही आणि ओ द्यायची नाही. जेथ्रोचा धाकटा भाऊ एकदा अशा हाकेला उठून गेला होता. परत आला तेव्हा भट्टी पेटलेली. ती विझवायला गेला आणि तिच्यातच पडला. जेथ्रोनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्याकडच्या चकव्यासारखंच हे, असं मला ऐकताना वाटलं.

एका नोव्हेंबरात जेथ्रो गाडी घेऊन बाजाराच्या गावाला गेला. भट्टीचा तिसरा दिवस होता. हेस्टर एकटी राखणीला बसली होती. ॲनिसला दोन दिवस अंगात कणकण होती, म्हणून हेस्टरनं तिला मैलभर लांब घरी अंथरुणात ठेवलं होतं. शेजारणीला सांगितलं होतं, "हिला उठू देऊ नकोस. माझी आठवण काढली तरी पाठवू नकोस."

शेजारीण म्हणाली होती, "तू काळजी करू नकोस. तुझी पोर काही माझ्यापेक्षा चपळ नाही."

दुपारी धुकं उतरलं. असं धुकं की हेस्टरला भट्टीची पलीकडची बाजू दिसेना. ती स्टूल हलवत भट्टीभोवती फिरून बसायची, ओल्या मातीनं भेगा लिंपायची. आणि मग मागून, ओढ्याच्या बाजूनं हाक आली.

"आई!"

हेस्टरचे हात थांबले. आवाज ॲनिसचाच होता. पण ॲनिस तर घरी होती. म्हणजे हे रान होतं. सासऱ्यानं सांगितलं होतं, अगदी तसंच.

"आई! कुठं आहेस?"

हेस्टरनं मातीत बोटं रोवली. ती वळली नाही.

हाका येत राहिल्या. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. मग आवाज रडवेला झाला. शेवटची हाक आली ती अशी, "आई, तू येऊ नकोस. तू नुसती ओ दे. म्हणजे मला कळेल, कुठं यायचं ते."

हेस्टर ते शब्द पुढं स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगायची. त्या क्षणी ती अर्धी उठली होती, म्हणे. पण भट्टीच्या मातीला भेग पडली, आतून लाल जीभ बाहेर आली, आणि तिला जेथ्रोचा भाऊ आठवला. ती परत बसली. भेग लिंपली. त्यानंतर हाक आली नाही.

सकाळी जेथ्रो परतला. वाटेत शेजारीण धावत त्याला आडवी आली. पोरीचा ताप उतरला होता. आई दोन दिवस उपाशी असेल म्हणून, शेजारीण पाण्याला गेल्याचं पाहून, ती भाकरी बांधून निघाली होती. शेजारणीनं धुक्यात शोधलं, सापडली नाही. आईपाशी पोचली असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

ॲनिस ओढ्याकाठच्या दलदलीत सापडली. भट्टीपासून साठ पावलांवर. भाकरीचं गाठोडं तिनं वरच्या फांदीला अडकवलं होतं. ते कोरडं होतं.

त्या भट्टीचा कोळसा फार चांगला निघाला, असं सांगतात. तो कुणी जाळला नाही. तिथंच मातीत तुडवला. त्या जागी पुन्हा भट्टी लागली नाही.

जेथ्रो सुनेला एक शब्द बोलला नाही. बोलणार काय? नियम त्यानंच शिकवला होता.

पुढच्या वर्षी पहिलं धुकं पडलं आणि गावानं हाक ऐकली. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. हेस्टर मात्र शाल घेऊन उठली, रानात त्या काळ्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि तिनं ओ दिली. मग प्रत्येक धुक्यात ती हेच करू लागली. बायका तिला समजवायला आल्या.

"अगं, मेलेल्याला ओ दिली की ते जागा सोडत नाही."

"मग नको सोडू दे," हेस्टर म्हणाली.

"आणि आमच्या पोरांच्या मागे लागलं तर?"

"ती भाकरी घेऊन आली होती. तुमच्या पोरांचं ती काय घेणार आहे?"

बायका उठून गेल्या. त्यानंतर हेस्टरच्या घराकडची वाट लोकांनी सोडली. जेथ्रोसुद्धा धुक्याच्या दिवशी कानात लोकर घालून चुलीपाशी बसायचा. त्यानं आयुष्यात कधी रानाला ओ दिली नव्हती.

सात हिवाळे असे गेले. धुरानं आणि गारठ्यानं हेस्टरची छाती भरली. अंथरुणाला खिळली तेव्हा तिला मरणाचं काही वाटत नव्हतं. एकाच गोष्टीनं तिचा जीव अडकला होता. तिनं सासऱ्याला विचारलं, "मामंजी, मी गेल्यावर तिला ओ कोण देणार?"

जेथ्रोनं तोंड फिरवलं. उत्तराची वाट पाहतच ती गेली.

मग धुकं आलं. दुपारीच आलं. गावानं खिडक्या लावल्या. ओढ्याच्या बाजूनं हाक उठली, एकदा, दोनदा, तीनदा. ओ मिळेना तशी ती हाक रानात इकडून तिकडे फिरू लागली. डोरीनबाई सांगत होत्या की त्या दिवशी गावात चुलीवर ठेवलेलं अन्न कुणी खाल्लं नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या, पण उठत कुणी नव्हतं.

जेथ्रोनं कानातली लोकर काढली. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. काठी टेकत तो रानात गेला आणि काळ्या मातीत उभा राहिला.  मग ओरडला.

"ओ! इकडे आहे गं मी."

एवढं म्हणून तो भीतीनं लगेच घराकडे निघाला. दहा पावलं गेला असेल, तर पुन्हा हाक आली. या वेळी जवळून, पण आणखी गोंधळलेली. जिथून ओ आली होती तिथं कुणीच नाही, अशी. ओ देऊन जागा सोडली तर पोर येणार कुठं, हे मग म्हाताऱ्याच्या लक्षात आलं. तो परत जागेवर आला.

"ये, बाळ. सावकाश ये. मी हलत नाही."

आणि तो खरंच हलला नाही. ओली पानं दबल्यासारखा आवाज आला, म्हणे. छोटी पावलं. दलदलीकडून चढण चढत, थांबत थांबत. आवाज पाठीशी येऊन थांबला तेव्हा जेथ्रो जन्मात पहिल्यांदा मागे वळला. त्यानं काय पाहिलं, ते त्यानं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. त्यानं अंगातला कोट काढला, खाली टेकून जमिनीवर उघडा धरला, आणि तिथंच ठेवून थंडीत कुडकुडत घरी आला.

सकाळी गावातले चार जण पाहायला गेले. कोट मातीवर होता, भिजलेला. त्याची बटणं गळ्यापासून खालपर्यंत कुणीतरी लावलेली होती.

त्या दिवशी गावानं चर्चच्या दारात शपथ घेतली, असं सांगतात. विदरहोल्टमध्ये कुठलीही हाक बिनउत्तराची राहणार नाही.

डोरीनबाई बोलायच्या थांबल्या. रेवतीनं शेवटचं वाक्य मला मराठीत सांगितलं.

आजही तिथं ही रीत आहे. लाकूडतोडे, कुत्री फिरवायला येणारी माणसं, शाळेची पोरं, सगळी हाकेला ओ देतात. या गोष्टीवर विश्वास नसलेलेही देतात. गावातली पोरं या रानात लपाछपी खेळत नाहीत. आणि ओ दिल्यावर लगेच कुणी चालू लागत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला ओढ्यापासून चढून यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ माणसं तिथंच उभी राहतात.

आम्ही निघालो तेव्हा धुकं दाट झालं होतं. झाडांमागून हाक आली. शब्द कळला नाही, आवाज लहान होता. रेवती म्हणाली, "कुणीतरी कुत्र्याला बोलावत असेल."

"असेल," डोरीनबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

मी ओ दिली. मराठीतच दिली. मग आम्ही तिघी त्या बाजूला तोंड करून उभ्या राहिलो. काही आलं नाही. पानांवरून पाणी ठिबकत होतं. बोटं गारठली. बऱ्याच वेळानं रेवतीनं हळूच विचारलं, "आता पुरे झालं, हे कसं कळतं?"

"कळत नाही," डोरीनबाई म्हणाल्या. "म्हणून थोडं जास्तच थांबायचं."