नदीच्या हातात बांगड्या

एक होती कासारीण, बयजा. राजाची गोष्ट नको आज. राजाच्या राणीलासुद्धा बांगड्या भरायला हिच्यापुढे हात करून बसावं लागे, बरं का! नुसता पंजा दाबला की हिला माप कळायचं.

तिची लेक ठकी, नदीपलीकडे दिलेली. एकदा काय झालं, ठकीचा निरोप आला. जावयाला दूर मुलखात काम मिळालंय, आजच गाडी जुंपणार. पुन्हा भेट कधी, कुणास ठाऊक! मग बयजा बांगड्या घेऊन तडक निघाली. तर नदीला हा पूर! नाव नाही, वाट नाही.

मग पाण्यातून एक हात वर आला. हसू नका रे, नदीला हात असतो. नदी म्हणाली, "माझी ओटी सगळे भरतात गं, बांगड्या कुणी भरत नाही. तू भर, मग वाट देते."

बयजानं पंजा दाबला, माप काढलं, बांगडी चढवली. तेवढ्यात हात फुगला. बांगडी वाढली. फुटली म्हणायचं नाही! मग तिनं मोठी घेतली. तेवढ्यात हात रोडावला. बांगडी निसटून वाहून गेली. आता उरल्या फक्त ठकीसाठी आणलेल्या हिरव्या.

मग बयजा थांबली. तिला नव्या सुना आठवल्या. रडवेल्या पोरीचा हात असाच, घटकेत ताठ, घटकेत लुळा. तिथं माप चालत नाही. मग काय चालतं, तेही तिला ठाऊक होतं. तिनं बांगड्या मांडीवर ठेवल्या आणि तो हात नुसता हातात घेतला.

"पोरी, माहेर कुठलं गं तुझं?"

"त्या डोंगरातलं." नदी म्हणाली. "निघाले ती निघालेच. परत जायची वाटच नाही मला."

"कसं आहे तिथं? सांग तरी."

मग नदी सांगत बसली. करवंदीच्या जाळीखालचा झरा, तळातले गार दगड, पाणी प्यायला येणारं भेकर. सांगता सांगता हात लोण्यासारखा मऊ झाला. हिरव्या बांगड्या अलगद चढल्या. नदी हात निरखत राहिली, आणि पाणी उतरत गेलं.

पलीकडे गाडी जुंपलेलीच होती. ठकीनं धावत येऊन हात पुढे केले. "आई, माझ्या बांगड्या?"

"दिल्या गं एका सासुरवाशिणीला. मी नुसतीच आलेय."

"मग तूच बस जवळ," ठकी म्हणाली. तिनं आईचा हात घट्ट धरला. गाडीवाला खाकरला, जावई खाकरला, बैलांनीसुद्धा माना हलवल्या. पण कुणी हात सोडेल तर शपथ!

शेवटी गाडी गेली. ठकी तिकडे सुखानं नांदली, बयजा इकडे सुखानं राहिली. तशी तुमची माणसंही तुम्हाला भेटत राहोत. चला, मिटा डोळे. कोण चुळबुळतंय, बघते मी!