भरलेलं तळं

खूप मागची गोष्ट. तेव्हा प्रत्येक नगराला वेस असे, आणि वेशीच्या आत राहायला मिळालं की माणसाचा जीव भांड्यात पडे.

असंच एक नगर एका तळ्याच्या काठी वसलं होतं. आसपास दुसरं पाणी नव्हतं. दर पावसाळ्यात डोंगरावरची माती वाहत येऊन तळ्यात बसे. म्हणून रीत अशी पडली होती, की बाहेरून जे घर नव्याने राहायला येईल, त्याने पहिला उन्हाळाभर तळ्यातला गाळ उपसायचा. मग ते घर नगराचं झालं. पुन्हा त्याने टोपलीला हात लावायचा नाही. जुन्या घरांना याचा कोण अभिमान! "आमच्या पणज्याने उपसलाय," असं सांगत ती मंडळी काठावर सावलीत बसत.

नगर वाढत गेलं. कुंभारांच्या आळीत विणकर आले, विणकरांच्या शेजारी तांबट आले. बाजारात अनोळखी बोली कानावर पडू लागल्या. कारभार पाहणाऱ्या म्हाताऱ्या नगरशेठचा जीव मात्र टांगणीला लागला. रोज सकाळी तो तळ्यावर जाई आणि पाण्याबाहेर आलेल्या पायऱ्या न्याहाळी. एखादी पायरी जास्त उघडी दिसली, की तो पुन्हा वरपासून मोजायला लागे.

"एवढी माणसं पाणी पिणार, तर आपल्या नातवंडांना थेंब तरी उरेल का?" तो मुलाला म्हणे.

"बाबा, ती गाळही उपसतात," मुलगा म्हणे.

"गाळच ना? त्याने पाणी वाढतं थोडंच!"

शेवटी त्याने वेस बंद केली. नव्या माणसाला प्रवेश नाही, असा हुकूम झाला. बाहेर माळावर चुली मांडून बसलेल्या बायाबापड्यांनी खूप हात जोडले. मग कंटाळून त्यांनी मुक्काम हलवला आणि डोंगरापलीकडच्या नदीवर वस्ती केली. नगरातली जी तरणी पोरं कामाला बाहेर गेली होती, तीही तिकडेच रमली. वेशीवर आता त्यांनाही अडवत, आणि आपल्याच वेशीवर कोण विनवण्या करत बसणार?

नगर शांत झालं. पिणारी तोंडं घटली, तशा उन्हाळ्यातही पूर्वीपेक्षा कमी पायऱ्या उघड्या पडू लागल्या. शेठ काठावरून भरलेलं तळं बघे आणि समाधानाने घरी जाऊन जेवे. अशी बरीच वर्षं गेली.

मग एका वर्षी पाऊस कमी झाला. शेठची सून गरोदर होती. ती पाणी आणायला गेली आणि रिकामी घागर घेऊन परतली.

"मामंजी, घागर बुडतच नाही हो. तळाला टेकते."

"असं कसं? वरून तर पाणी दिसतंय!"

शेठ धावत गेला आणि तसाच पाण्यात उतरला. पाणी घोट्याएवढं होतं. त्याखाली पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. शेठच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने दवंडी पिटली, "सगळ्यांनी गाळ उपसायला या!"

जुनी घरं सावलीतून म्हणाली, "आमचा वाटा पणज्यानेच दिलाय. नव्यांना सांगा की."

पण नवं होतं कोण? शेठने वेस सताड उघडली. माळावर चिटपाखरूही नव्हतं.

काही दिवसांनी मुलाने बैलगाडी जुंपली. शेठ आडवा उभा राहिला. "अरे, हे सगळं मी तुमच्यासाठीच केलं!"

"मग सांगा ना मामंजी," सून हळूच म्हणाली, "उद्या बाळ झालं की त्याला काय पाजू?"

शेठ बाजूला झाला. गाडी नदीच्या वाटेने निघून गेली. तिच्यामागोमाग आणखी कितीतरी घरं गेली. शेठ ढसाढसा रडला, मग एकटाच टोपली घेऊन चिखलात उतरला. त्याच्या थकल्या हातांना अर्धी टोपलीही उचलेना. काठावरचं कुणी जागचं हललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नगरात मोजकी माणसं उरली होती, आणि पाणी त्यांनाही पुरत नव्हतं.

बोध: नगर कोण आधी आलं यावर टिकत नाही, त्याचा गाळ आज कोण उपसतं, यावर टिकतं.