ओसरीवरचा वाघ

फार फार वर्षांपूर्वी, राज्य कुणाचं होतं हे सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही अशा काळात, एका घाटाच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. गावाच्या तिन्ही बाजूंना रान होतं आणि रानात वाघ होता. दिवस कलला की माणसं गुरं गोठ्यात घालायची आणि कान टवकारून बसायची. 'वाघ, वाघ' अशी किंकाळी आली की जो तो आपल्या कवाडाला अडसर लावायचा. त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. भ्यालेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

या गावाच्या अगदी टोकाला, रानाला लागून, एका चिताऱ्याचं घर होतं. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, अशी दोनच माणसं. बहिणीला सगळा गाव आक्का म्हणायचा. चितारी खेळायचे पत्ते रंगवायचा. जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, त्यांच्या गोल चकत्या कापायच्या, वर चित्र काढायचं आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. हत्ती, नाग, मोर, शंख, कमळ, कलश, आणि सगळ्यांत भारी वाघ. हात मोठा देखणा होता त्याचा, पण माणूस भित्रा. वाळलं पान वाजलं तरी तो दचकून मागं बघायचा. संध्याकाळ एकट्यानं काढायची म्हटलं की घास घशाखाली उतरायचा नाही.

पत्त्यांचा नाद त्या मुलखात सगळ्यांनाच होता. प्रत्येकाचा आपला बटवा असायचा, आणि दोन मोर देऊन एक नाग घे, शंख देऊन हत्ती घे, अशी अदलाबदल करत माणसं तो भरायची. तेव्हाच्या जुन्या दरबारी खेळात ज्याच्या बटव्यात वाघ जास्त तो जिंकायचा. गावच्या तेल्याकडे नुसते वाघच वाघ होते. तेव्हा प्रत्येक डाव तेली मारणार आणि बाकीचे तोंड पाडून घरी जाणार, हे ठरलेलंच. असं किती दिवस चालणार? डाव चिताऱ्याच्याच ओसरीवर बसायचा; हळूहळू तिथं खेळायला कुणी येईना.

ओसरी रिकामी राहिली की मागचं रान पुढं सरकतंय असं चिताऱ्याला वाटायचं. शेवटी त्यानं डोकं चालवून घरच्या घरी एक नवा खेळ रचला. बटव्यात एका चित्राचा एकच पत्ता ठेवायचा, वाघसुद्धा एकच. वाघ सगळ्यांना मारतो हे खरं, पण तो टाकणाऱ्यानं आधी 'वाघोबा आले हो' अशी हाळी द्यायची. हाळी कानावर पडताच बाकीच्यांनी ताडकन उठायचं, ताट बडवायचं आणि 'हाकला, हाकला' म्हणून ओरडायचं. सगळे उठले तर वाघ उपाशी परत. एक जरी बसून राहिला, तरी वाघवाल्यानं डाव उचलायचा आणि त्या बसलेल्याचा एक पत्ताही घ्यायचा.

काय सांगावं, या खेळानं गावाला वेड लावलं. कुंभारीण चाक सोडून यायची, गुराखी गुरं बांधून यायचा. वाघांची रास घरी ठेवून तेलीही यायचा आणि हरला तरी पोट धरून हसायचा. ओसरीवरून हाळी उठली की घराघरांतली म्हातारी माणसंही बसल्या जागी ताट वाजवायची. दिवेलागणीला सगळा गाव दणाणून जायचा. चितारी त्या कल्लोळात बसायचा तेव्हा त्याला पाठीमागच्या रानाची आठवणही राहायची नाही. त्याच्या आयुष्यातले तेच दिवस काय ते सुखाचे.

मग एक दिवस गुराख्याची कालवड रानात वाघानं नेली. त्या संध्याकाळी तो आला खरा, पण कुंभारणीनं वाघ टाकून हाळी दिली तेव्हा सगळे उठले आणि गुराखी तसाच बसून राहिला. त्याची नजर रानाकडं लागली होती. त्यानं आपला एक पत्ता तिच्यापुढं ठेवला, बटवा आवळला आणि निघून गेला.

चिताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. आज गुराखी उठून गेला, उद्या कुंभारीण जाईल, परवा तेली जाईल, आणि मग आपण आणि रान. दुसऱ्या दिवशी लोक जमताच त्यानं सांगून टाकलं की आजपासून खेळात वाघ नाही. सगळ्यांचे वाघ गोळा करून त्यानं एका मडक्यात घातले आणि वर झाकण ठेवलं.

आक्का चुलीपाशी बसून ऐकत होती. लोक गेल्यावर ती म्हणाली, "वाघ काढलास, तर आता उठायचं कशासाठी रे?"

"आक्का, माणसं यायला हवीत. भीती वाटली तर कोण येईल?"

"भीती वाटायची म्हणूनच तर येत होती," आक्का म्हणाली.

चिताऱ्याला ते पटलं नाही. भित्र्या माणसाला पटवायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. वाघ गेल्यावर हत्ती भारी झाला, तेव्हा कुंभारीण कुरकुरली. कुणाचं तोंड वाकडं झालं की याला वाटायचं, हाही आता जाणार. त्यानं हत्ती काढला. मग नागाचा पत्ता बघून कुणीतरी अंग चोरलं, म्हणून नाग काढला. मोरामुळं तेली चिडला तर मोरही मडक्यात गेला. राहता राहिले शंख, कमळ आणि कलश. त्यांत कुणी कुणाला मारेना. कुणी हरेना, कुणी जिंकेना, कुणी जागचं उठेना. ताटं खुंटीला लागली आणि त्यांच्यावर धूळ बसली.

माणसं जांभया देऊ लागली. एकाला घरी काम निघालं, दुसऱ्याचे गुडघे दुखू लागले. भांडून कुणी गेलं नाही, नुसती यायची थांबली. आणि ज्या दिवसाला चितारी इतका भीत होता, तो दिवस त्याच्याच हातून उजाडला. संध्याकाळी ओसरीवर तो एकटा उरला.

गाव आता दिवेलागणीलाच चिडीचूप होऊ लागलं. मग एके सकाळी कुंभारणीला रानातल्या ओढ्याच्या अलीकडच्या वाळूत पंजे उमटलेले दिसले. इतक्या खाली वाघ कधीच उतरला नव्हता. पुढं ते ठसे खळ्यावर दिसले, आणि त्यानंतर चिताऱ्याच्या कुंपणाबाहेरच्या चिखलात. चिताऱ्यानं आपला तळहात त्या ठशावर ठेवून पाहिला. तळहात त्यात बुडून गेला.

त्याच दिवशी कातरवेळी तो ओसरीवर बसला होता. मन रमवायला त्यानं मडक्यातले पत्ते घोंगडीवर मांडले होते आणि वाघाचा एक पत्ता हातात धरला होता. आक्का परड्यातली शेळी सोडून घरात आणायला गेली होती. एकाएकी रातकिडे थांबले. चिताऱ्यानं मान वर केली.

कुंपणाच्या आत वाघ उभा होता. शेळी त्याच्या जबड्यात लोंबत होती, आणि तिच्या गळ्यातल्या दाव्याचं दुसरं टोक अजून आक्काच्या मुठीत होतं. आक्का हलत नव्हती. वाघ तिच्याकडे बघत होता.

चिताऱ्याला ओरडायचं होतं, पण त्याची बोबडी वळली. आणि ओरडून तरी काय होणार होतं? 'वाघ' म्हटलं की गावातली सगळी कवाडं लागणार, हे तो जाणून होता. आक्काला सोडून आत पळावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं. लपवायचं कशाला, आलं होतं. पण पाय उचलेनात.

तेवढ्यात हातानं आपलं जुनं काम केलं. पत्ता घोंगडीवर आपटला गेला. आणि पत्ता आपटताच इतके दिवस घशात अडकलेली हाळी बाहेर पडली.

"वाघोबा आले हो, वाघोबा आले!"

त्यानं खुंटीवरचं ताट ओढलं आणि बडवायला सुरुवात केली. क्षणभर गाव गप्प होतं. मग कुठल्याशा घरातून म्हाताऱ्या हातानं वाजवलेल्या ताटाचा आवाज आला. मग दुसऱ्या घरातून. खेळ पुन्हा सुरू झाला, असं वाटून माणसं कवाडं उघडून धावली. तेली हसत आला, कुंभारीण चिखलाच्या हातांनी आली, सगळ्यांच्या तोंडी 'हाकला, हाकला'. कुंपणाशी पोचल्यावर त्यांना खरा वाघ दिसला.

हसू जिथल्या तिथं गोठलं. पण हातांना सवय होती, ते थांबले नाहीत. गुराखी मागून आला. त्यानं वाघ पाहिला, आणि या वेळी तो बसला नाही. सगळ्यांच्या पुढं जाऊन त्यानं इतक्या जोरानं ताट बडवलं की त्याची कड वाकली.

वाघानं कान मागं पाडले, शेळी टाकली आणि कुंपणावरून उडी मारून तो रानात गेला. शेळी मात्र वाचली नाही. आक्काच्या मुठीतून दावं सोडवायला दोघं लागले.

मग गुराखी म्हणाला, "रोज ओरडायचो तेव्हा तो ओढ्यापलीकडनंच माघारी जायचा. आपल्याला वाटायचं, आपण नुसते खेळतोय."

चितारी खाली मान घालून ओसरीवर गेला. त्यानं घोंगडीवरचे वाघ उचलले आणि प्रत्येकाला एकेक परत दिला. गुराख्याला दिला तेव्हा त्याची नजर अजून रानाकडं जात होती, आणि चिताऱ्याचीही. तरी दोघं समोरासमोर बसले, आणि पहिला वाघ गुराख्यानंच टाकला.

त्या गावात पुढं वाघ ओढा ओलांडून आला नाही. चितारी मरेपर्यंत भित्राच राहिला, पण त्याची ओसरी पुन्हा कधी रिकामी राहिली नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: भीती झाकून ठेवली की ती दाराशी येते, आणि चारचौघांत मांडली की तिला हाकलायला चार हात मिळतात.